अण्णांची छत्री आणि बिनपुलाचा ओढा

ताई,
पुढच्या महिन्यात आम्ही चौघं सुट्टीला डोंगरात जातोय. मी ४२, नवरा ४५, मुलगी १२ आणि सासरे ६८. तिथे साधारण २,२०० मीटर उंचीवर एक सरोवर आहे आणि त्याला पूर्ण वळसा घालणारी पायवाट आहे. एकूण ११ किलोमीटर, चढ ४५० मीटर, श्रेणी ‘मध्यम’. गाडी लावायच्या जागेपासून दीड किलोमीटर चढलं की सरोवराच्या तोंडाशी लाकडी पूल येतो. तिथून उजव्या काठाने साडेतीन किलोमीटर रुंद, जवळजवळ सपाट वाट. मग सरोवराच्या वरच्या टोकाला एक ओढा, त्यावर पूल नाही. तिथून डाव्या काठाने साडेचार किलोमीटर परत लाकडी पुलापर्यंत. त्यात दगडधोंडे, घसारा (सुट्या दगडांचा सरकता उतार) आणि डोंगराची एक सोंड चढून उतरायची. वरच्या उतारांवर अजून बर्फाचे पट्टे असतील, असं माहितीत लिहिलंय. ॲप म्हणतं, चार तास. नवरा म्हणतो, दहाला निघू, दोनला परत. मुलीला सरोवरात पोहायचंय. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते रोज तासभर चालतात, पण उतारावर त्यांचा उजवा गुडघा दुखतो. ‘तुम्ही खालीच थांबा ना’ म्हटलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. छत्री मात्र काढून ठेवलीय! आमच्यापैकी कुणीच असं काही केलेलं नाही. जमेल का? जमवायचं तर कसं?
– कात्रीत सापडलेली सून

कात्रीतल्या सूनबाई,

जमेल. दहाला निघून मात्र जमणार नाही, आणि अण्णांना खाली बसवूनही नाही. पहिल्याचं कारण पुढे सांगते, दुसऱ्याचं तुम्ही दोन दिवस भोगलंच आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात कामाचे वाटले ते तीन शब्द: ‘पूल नाही’ आणि त्याआधीचा ‘त्यावर’. तुम्ही ते जाता जाता लिहिलेत. मी सगळा बेत त्यांच्याभोवतीच बांधणार आहे.

ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने यायचं असेल, तर दमल्यावर मागे फिरणं सोपं असतं. जिथून फिरलात तिथून पुढचं सगळं वाचतं. गोल वाटेवर तसं होत नाही. अर्धं अंतर झालं की मागे जा नाहीतर पुढे जा, पायपीट तेवढीच. मग माणूस पुढेच जातो, कारण पुढचं अजून पाहिलेलं नसतं आणि न पाहिलेली वाट नेहमी सोपी वाटते. त्यात सरोवर म्हणजे आणखी फसवं. पलीकडचा काठ सारखा डोळ्यांसमोर असतो. सकाळी जिथून निघालो तो पूल दिसतो, त्यावरची माणसं दिसतात. पाण्यावरून अंतर जेमतेम पाऊण किलोमीटर, पायांनी मात्र चार. ‘हे काय, समोर तर दिसतंय’ या वाक्याने जेवढी तंगडतोड करायला लावली असेल, तेवढी कुठल्याही चढाने लावली नसेल.

मला लावलीय. पहिल्यांदा अशा सरोवराला वळसा घालायला गेले तेव्हा मी आणि एक मैत्रीण, दोघीच होतो. कुणीतरी सांगितलं होतं, अवघड भाग आधी संपवावा. सल्ला चांगला होता, जागा चुकीची होती. आम्ही आरामात साडेनऊला निघालो, अवघड काठ घेतला, घसाऱ्यावर दोन पावलं वर एक पाऊल खाली करत चढलो आणि दोनच्या सुमाराला सरोवराच्या टोकाला पोचलो. माहितीत ‘ओढा ओलांडावा’ एवढंच होतं. समोर दुधी रंगाचं पाणी उसळत होतं आणि पाण्याखालून गडगड गडगड असा आवाज येत होता. क्षणभर वाटलं आकाशात गडगडतंय. मग कळलं, तळाचे दगड वाहत होते. मैत्रिणीने खोली बघायला काठी टेकवली, ती हातातून अशी गेली की आम्ही दोघी नुसत्या तिच्याकडे बघत राहिलो. पलीकडे मांडीइतक्या उंचीवर सपाट, सोपी वाट. तीस पावलांवर. आम्ही उलट्या फिरलो आणि तोच घसारा दुपारच्या उन्हात, मग पावसात, पुन्हा तुडवला. गाडीशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि बॅटरी एकीकडेही नव्हती. त्या रात्री बुटातून पाय काढताना टाचेची सालही मोज्याबरोबर आली.

म्हणून तुमची वाट मी आधी कागदावर काढली. तुम्हीही काढा. तिचा आकार पळीसारखा आहे. दीड किलोमीटरचा दांडा आणि आठ किलोमीटरच्या परिघाची वाटी. दांडा दोनदा चालायचा, वाटी एकदा. ओढा वाटीच्या पार पलीकडच्या कडेला. ओढ्यापर्यंत सोप्या काठाने गेलात तर पाच किलोमीटर झालेले असतात. तिथून मागे फिरलात तर पाच उरतात, दांड्याचा उतार सोडला तर जवळजवळ सपाट. पुढे गेलात तर सहा उरतात, त्यात सोंडेचा चढ. म्हणजे खरा निर्णय ओढ्याशी आहे. तिथे पोचल्यावर तुमच्याकडे ताजे पाय, भरपूर दिवस आणि मागे सोपी वाट, या तिन्ही गोष्टी शिल्लक असल्या पाहिजेत.

त्यामुळे तुम्ही उजव्या, सोप्या काठाने आधी जायचं. डोंगरात मुरलेले लोक कदाचित नाक मुरडतील. ते म्हणतील, सोंड सकाळीच चढावी, दुपारी ढग येतात, दमलेल्या पायांनी घसारा उतरू नये. तिन्ही मुद्दे खरे आहेत. ओढ्यावर पूल असता तर मीही हेच सांगितलं असतं. पण बिनपुलाचा ओढा हे या वाटेचं दार आहे, आणि दार बंद आहे की उघडं हे अवघड साडेचार किलोमीटर चालून गेल्यावर कळण्यापेक्षा सोपे साडेतीन चालून गेल्यावर कळलेलं बरं. वर बर्फ आहे म्हणता, म्हणजे हा ओढा उन्हावर चालतो. रात्री बर्फ वितळायचं मंदावतं, पहाटे-सकाळी पाणी सगळ्यात कमी असतं. ऊन चढलं की वितळलेलं पाणी खाली यायला लागतं आणि दुपार-संध्याकाळपर्यंत फुगत जातं. सकाळी साडेनऊला घोट्याइतका असलेला ओढा दुपारी गुडघ्याच्या वर जाऊ शकतो. दहाला गाडीपासून निघालात तर तुम्ही त्याला नेमक्या चढत्या पाण्यात गाठाल.

आता घड्याळ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला, तो आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने तुमचे ११ किलोमीटर म्हणजे सव्वादोन तास, चढाचा पाऊण तास, एकूण तीन. हा हिशेब धडधाकट, सरावलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा. तुमच्यात असा कुणी नाही, रागावू नका. तुम्ही तासाला तीन किलोमीटर धरा. पावणेचार तास झाले. चढाला सव्वा तास. पाच झाले. ॲपचे चार तास बहुधा नुसत्या चालण्याचे असतात. त्यात पाणी प्यायला थांबणं, बुटातला खडा काढणं, फोटो, जेवण, ‘आई, मला जायचंय’ हे काहीच नसतं. त्याला दीड तास धरा. साडेसहा तास. सातला निघालात तर दीडला परत, आणि वर पाच तास उजेड हाताशी. यजमानांना हा कागद दाखवा. भांडू नका, फक्त कागद पुढे सरकवा.

‘मध्यम’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. ती श्रेणी कुणाच्या तरी पायांनी ठरवलेली असते आणि ते पाय आपल्याला माहीत नसतात. आणखी एक गैरसमज: सरोवराभोवतीची वाट म्हणजे सपाटच असणार. पाणी सपाट असतं, काठ नसतो. जिथे कडा थेट पाण्यात उतरतो तिथे वाट वर चढून, कड्याला वळसा घालून पुन्हा खाली येते. तुमची सोंड तीच. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तिथे बोट ठेवून बघा, वाट त्यांना आडवी कापते की त्यांच्या बाजूने जाते. आडवी कापत असेल तिथे धाप लागणार.

ओढ्याशी साडेनऊपर्यंत पोचायचं. साडेदहा वाजले तरी पोचला नाहीत, तर ओढा कोरडा असला तरी तिथूनच परत. ही वेळ आदल्या रात्री ठरवा आणि चौघांच्या देखत ठरवा. डोंगरात ठरवायला गेलं की ‘आलोच आहोत तर’ सुरू होतं.

पाण्याशी गेल्यावर लगेच उतरू नका, पाच मिनिटं काठावर उभे राहा. पाणी गढूळ आहे आणि तळ दिसत नाही? परत. खालून दगडांचा आवाज येतोय? परत. मुलीच्या गुडघ्याच्या वर जाईल असं वाटतंय? परत. यातलं काही नसेल तर जागा शोधा. अरुंद जागा बघून मन मोहात पडतं, पण अरुंद म्हणजे खोल आणि जोरकस. ओढा पसरट झालेला असतो, दोन-तीन धारांत फुटलेला असतो, तिथे तो उथळ असतो. सरोवराला मिळतो त्या तोंडाशी असं बरेचदा सापडतं, फक्त तिथे पाय रुतेल इतका गाळ नाही ना, हे काठीने बघून घ्या. बूट काढून अनवाणी जाऊ नका. गार पाण्यात तळवे बधिर होतात आणि शेवाळलेल्या दगडावर काय होतंय ते कळत नाही. मोजे काढून सॅकमध्ये, बूट पायात, पलीकडे गेल्यावर पाणी ओतून कोरडे मोजे. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा. मुलगी तुमच्या दोघांच्या मध्ये.

ओढा पार झाला की मागचं दार हळूहळू बंद होतंय हे डोक्यात ठेवा, आणि आकाशाकडे बघायला लागा. आता उरलेली सोंड ही त्या वाटेवरची सगळ्यात उघडी जागा. ढग कापसासारखे असतील तर चालू द्या. ते उभे वाढायला लागले, कोबीच्या गड्ड्यासारखे फुगून खालून काळे पडले, की सोंडेवर चढायचं नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्हीही तिच्या टप्प्यात आहात. सोंडेवरून उतरा, पाण्याच्या काठापासून लांब व्हा, एकट्या उभ्या झाडाखाली जाऊ नका, आणि चौघं एकमेकांना बिलगून बसू नका, अंतर ठेवा. मुलीला हे शेवटचं पटणार नाही, म्हणून आधी सांगून ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा उघड्यावर यायचं नाही. आणि आदल्या संध्याकाळच्या अंदाजातच दुपारी वादळ असेल, तर ओढ्यापर्यंत जाऊन परत या. तेही दहा किलोमीटर होतं, कुणी काही म्हणणार नाही.

आता अण्णा.

त्यांना ‘तुम्ही खालीच थांबा’ म्हणालात ते काळजीने, हे मला कळतं. त्यांनी काय ऐकलं, तर ‘तुम्ही अडचण आहात’. मुळात अडचण त्यांच्या चालण्याची नाहीच. जो माणूस रोज तासभर चालतो त्याचे पाय यजमानांपेक्षा भरवशाचे असू शकतात. अडचण उतारावरच्या गुडघ्याची आहे, आणि तुमच्या वाटेवर उतार दोनच ठिकाणी मोठा आहे: सोंडेपलीकडे आणि शेवटच्या दांड्यावर. चढताना स्नायू दमतात, उतरताना प्रत्येक पावलाला सगळा भार गुडघ्यावर येऊन आपटतो. म्हणून चढ जमला की उतारही जमेल, हा हिशेब चुकतो.

डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, ‘फिरायला जाऊ का’ असं मोघम नको. किती किलोमीटर, किती चढ, किती उंचीवर हे सांगून विचारा. रक्तदाबाची गोळी वगैरे चालू असेल तर तीही बोलण्यात येऊ द्या. मग जायच्या आधी दोन रविवार, जी सॅक तिथे न्यायची तीच भरून, तेच बूट घालून, चढउतार असलेल्या कुठल्याही वाटेवर तीन तास चालून या. चौघंही. चालण्याच्या दोन काठ्या घ्या अण्णांसाठी. चढताना आखूड, उतरताना लांब करायच्या, आणि पाय टेकायच्या आधी काठी टेकायची. पहिल्या दिवशी त्यांना ते नाटक वाटेल, दुसऱ्या रविवारी काठ्या सोडणार नाहीत. त्या चाचणीत उतारावर गुडघा सुजला किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्यांनी कठडा धरला, तर उत्तर मिळालं. ते तुम्ही दिलेलं नसेल, त्यांच्या गुडघ्याने दिलेलं असेल. ते ऐकायला सोपं जातं.

तेव्हा बेत असा सांगा: ‘आपण सगळे ओढ्यापर्यंत जाऊ. तिथे बघू.’ यात कुणाला मागे ठेवलेलं नाही. ओढ्याशी जर अण्णा थांबायचं म्हणाले, तर त्यांच्याबरोबर एक मोठं माणूस सोप्या काठाने परत येईल. एकट्याने नाही, कितीही ‘मी जातो रे आरामात’ म्हणाले तरी नाही. आणि मग उरलेल्या एकाने बारा वर्षांच्या मुलीला घेऊन घसारा आणि सोंड करावी का? पहिल्याच खेपेला, मला विचाराल तर, नको. अण्णा फिरले की सगळे फिरले. यजमानांना हे आधी कळू द्या, ओढ्यावर नको.

चालताना अण्णांना सगळ्यात पुढे ठेवा. सन्मान म्हणूनही, पण मुख्य म्हणजे सगळ्यात सावकाश चालणारा पुढे असला की टोळी फुटत नाही. तो मागे असला की पुढचे थांबून दम खातात, तो पोचला की पुढचे निघतात आणि त्याला कधीच विसावा मिळत नाही. वेग किती? पुढच्या माणसाला अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, एवढा. २,२०० मीटरवर थोडी धाप लागणारच. उंचीचा खरा त्रास बहुधा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. तरी आदल्या दिवशी तिथे पोचून एक रात्र झोपलात तर बरं. डोकं दुखून मळमळायला लागलं तर ‘बसेल थोड्या वेळाने’ न म्हणता खाली उतरायचं.

मुलीचं पोहणं. ती पोहण्याच्या तलावात पोहते, तिथलं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांच्या पुढचं असतं. बर्फाचं पाणी मिळणाऱ्या सरोवराचं तसं नसतं. गंमत अशी की हात घातला तर ते बरं वाटू शकतं. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशांना, म्हणून गार पाणी तळाशी बसतं आणि उन्हाने तापलेला पातळ थर वर तरंगतो. उडी मारली की माणूस तो थर फोडून खालच्यात जातो. अचानक गार पाण्यात गेलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. ही धाप साधारण मिनिटभर टिकते. ती ओसरली तरी खूप गार पाण्यात दहाएक मिनिटांत हातपाय कामातून जायला लागतात. चांगलं पोहता येणारेही काठाजवळ बुडतात ते यामुळे. तेव्हा पोहणं नको, पाय सोडून बसणं हो. सोप्या काठावर, गुडघ्यापर्यंत, तुम्ही शेजारी असताना. ती रुसेल. पाणी पायाला लागल्यावर दोन मिनिटांत स्वतःच बाहेर येईल.

सामानाचं पत्रात विचारलं नाहीत, पण मनात असणारच. कपड्यांचं आधी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली सपाटीवर ३० असेल तर सोंडेवर १५, आणि वारा असला की त्याहून गार लागेल. सुती बनियन, सुती टीशर्ट, जीन्स हे घरी ठेवा. ते घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. पटकन वाळणारं अंगाला, एक ऊबदार थर, आणि पाऊस-वारा अडवणारं जॅकेट, प्रत्येकाला एकेक. टोपी आणि उन्हाचं मलम विसरू नका. हवा गार असते म्हणून कळत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरण दहाएक टक्क्यांनी वाढतात आणि बर्फाच्या पट्ट्यावरून ते खालूनही येतात. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांना मलम लावा, हसू नका.

बूट नवे असतील तर आजपासून घरात घाला. टाचेला नुसतं गरम गरम वाटलं की तिथेच थांबून पट्टी लावा, फोड आल्यावर नाही. मुलं हे सांगत नाहीत, म्हणून दर तासाला विचारा. आदल्या दिवशी सगळ्यांची पायाची नखं कापा, उतारावर आठवण येईल.

पाणी ताशी अर्धा लिटर धरलं तर माणशी तीन लिटर होतं, म्हणजे तीन किलो. दोन लिटर घेऊन निघा आणि पाणी गाळायचं फिल्टर ठेवा. ओढ्याचं पाणी काचेसारखं दिसलं म्हणून तसंच पिऊ नका. जिआर्डियासारखे जंतू दिसत नाहीत आणि पोट बिघडतं ते आठवड्या-दोन आठवड्यांनी, सुट्टी संपून घरी आल्यावर. उकळणार असाल तर २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळ उकळू द्या, कारण त्या उंचीवर पाणी शंभरच्या बरंच आधी उकळतं.

शौचाला जायची वेळ आली तर सरोवर, ओढा आणि वाट या तिन्हींपासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून, मग बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. मुलीला हे घरीच सांगा.

बॅटरी दोन तरी हव्यात, डोक्याला लावायच्या. दीडला परत येणार असलात तरी. मी दुपारीच परत येणार होते. शिट्टीही ठेवा, मुलीच्या गळ्यात. मदतीची खूण युरोपातल्या डोंगरांत मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबणं, अमेरिकेत तीनदा. सहा वाजवलेल्या कुठेही कळतात. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज नसली तरी आपण कुठे आहोत ते त्यात दिसतं आणि बॅटरी रेंज शोधण्यात संपत नाही. राहता त्या जागी कुणाला तरी कागदावर लिहून द्या: कुठली वाट, कुठल्या बाजूने, किती जण, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर शोधाशोध सुरू करायची. ‘संध्याकाळपर्यंत येऊ’ असं लिहू नका. आकडा लिहा. पाच.

राहिली छत्री. तिची थट्टा करू नका. सोप्या काठावर उन्हात आणि रिमझिमीत ती जॅकेटपेक्षा सुखाची असते, आणि जॅकेटच्या आत घामाने भिजत नाही माणूस. वाऱ्यात ती उलटी होते, घसाऱ्यावर दोन्ही हात काठ्यांना लागतात, आणि गडगडायला लागल्यावर तर ती हातात नकोच. तेव्हा अण्णांना छत्री घेऊ द्या. ओढ्यापर्यंत उघडी, पलीकडे गेलात तर मिटून सॅकला बांधलेली.